लातीर वस्तादाची वाळू

डाकारजवळच्या मलिका वस्तीच्या किनाऱ्यावर लातीर फाय कोण असं विचारलंत, तर समोरचा आधी विचारेल, "वस्ताद लातीर, की गाडीवाला लातीर?" माणूस एकच. संध्याकाळी सुरूच्या बनामागे पोरांना कुस्ती शिकवणारा तो वस्ताद, आणि पहाटे घोडी जुंपून वाळूच्या खेपा टाकणारा तो गाडीवाला. या दोघांची जणू तोंडओळखही नसावी अशा थाटात तो दोन्ही जन्म एकाच अंगात वागवत आला. वस्तादाने गाडीवाल्याला कधी जाब विचारला नाही, आणि घोळ झाला तो तिथेच.

तो मूळचा सालूम नदीकडचा, बाजरीच्या रानातला. सेरेर माणूस, म्हणजे कुस्ती रक्तातच. तरुणपणी गावोगावच्या फडांत त्याने बैल जिंकले, तांदळाची पोती जिंकली, आणि एका सुगीनंतर कुणीतरी कानात फुंकलं की डाकारात पैलवानाला मोटार मिळते. आला. मोठ्या मैदानातल्या कुस्तीची वाट बघत राहिला. जोड ठरायची आणि मोडायची, कधी आयोजक पळायचा, कधी समोरचा. मग गुडघा गेला, मग पोट आलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती घोडीचा लगाम आला. बायको-मुलं गावीच राहिली आणि हा इथे एका खोलीत. दुपारचा मात्र तेनिंगच्या परातीत जेवायचा. तेनिंग म्हणजे त्याच्या मेलेल्या मित्राची बायको. सकाळी रस्त्यावर चवळीची उसळ आणि पाव विकायची, दुपारी माशाचा भात शिजवायची, आणि परातीभोवती लातीरची जागा ठरलेली असायची, दाराकडे पाठ करून.

तिचा मुलगा बिराम हा लातीरचा पट्टशिष्य. वस्तीने त्याला नाव ठेवलं होतं 'मलिकाची भिंत'. ढोल वाजायला लागला की ही भिंत अशी काही नाचायची की बायका कामं टाकून बघायला यायच्या. आणि पाठ टेकवणं? गल्लीतल्या फडांत तरी कुणाला जमलं नव्हतं. आमच्याकडे पोराच्या मानेला जरा जाडी आली की अख्खी गल्ली हिशेब मांडायला बसते. होडीत बसून स्पेन गाठायला निघालेली पोरं समुद्राने ठेवून घेतली, शाळा शिकलेली पोरं चौकात चहा उकळत बसली. उरला लाम्ब. लाम्ब म्हणजे ढोलाच्या तालावरची आमची कुस्ती, ठोसे-बुक्के सगळं चालतं त्यातली. त्यातून वर गेलेल्यांची घरं दिसतात ना डोळ्यांना, फरशी लावलेली, दोन मजली! बिराम रोज सराव संपला की अंगाची वाळू झाडत तेच म्हणायचा.

"वस्ताद, पहिली मोठी कुस्ती मारली ना, की आईला मजला बांधतो. वर गच्ची. पावसाळ्यात पाणी आलं तर ती वर बसून माझ्याकडे बघून हसेल."

"आधी पाय उचलायला शीक. मजला नंतर उचल."

"तुम्हालाही एक खोली ठेवीन त्यात."

"घोडीला?"

"घोडीला तळमजला. ती वस्तादापेक्षा कमी घोरते म्हणून."

पोरं खिदळायची. लातीर शिव्या द्यायचा. दिवस बरे चालले होते.

आता त्या वाळूचं. किनाऱ्यावरून वाळू उपसायला बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळी घरं त्याच वाळूची आहेत, हेही. लातीर लांबच्या टेकाडांवरून वाळू आणायचा. पण तिकडे वनखात्याची माणसं गाड्या अडवायला लागली, तेव्हा तो पाण्यालगतची भरू लागला. आमचा कंत्राटदार वान, इटलीत कमावणाऱ्या पोरांची घरं इथे उभी करून देणारा, त्याला ती पसंत पडेना. वान तुकुलेर आणि लातीर सेरेर. या दोन जातींना एकमेकांना काहीही बोलायची पिढीजात मुभा आहे, आणि रागावायची मात्र बंदी.

"काय रे माझ्या गुलामा," वान घमेल्यात हात घालून म्हणाला, "वाळू आणलीस की शिंपल्यांचं दुकान? गिलाव्याला ही लावली तर भिंतीला देवी निघतील."

"गुलाम तुझा आजा. माझ्या आज्याने त्याला मूठभर शेंगदाण्यांवर विकत घेतला होता, वर शेंगदाणे परत मागितले."

"ते असू दे. सुरूमागची आण की. पिठासारखी आहे ती."

"तिथे आमची तालीम आहे."

"मग? तुझी पोरं काय वाळू खातात? समुद्र रोज आणून टाकतो. दोन खेपांनी काय होतंय?"

दोन खेपांनी खरंच काही झालं नाही. म्हणून लातीरने आणखी दोन टाकल्या. उजाडायच्या आत आखाड्याच्या कडेकडेने भरायचं, आणि संध्याकाळी दाताळ्याने ओढून सगळं सारखं करायचं. वस्तादाने आखाडा सारखा करायचा ही रीतच आहे, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पण समुद्र त्या जागी काही आणून टाकत नव्हता. मधे सुरूचं बन होतं. हे गाडीवाल्याला कळत होतं आणि वस्तादालाही.

त्याच हिवाळ्यात तेनिंगच्या मागच्या खोलीची भिंत ओलीने खचली. लातीरने तिला वाळू फुकट दिली, आणि दिली ती सगळ्यात मऊ. गवंडी खूश झाला. तेनिंगने दोन्ही तळहात पुढे धरून त्याला आशीर्वाद दिला, "तुझ्या हाताला बरकत येवो, लातीर." ती भिंत इतकी गुळगुळीत झाली की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हात फिरवून बघायला लावायची.

एकदा सराव संपल्यावर बिराम पाठ चोळत म्हणाला, "वस्ताद, जमीन लागतेय हो."

"मग आकाशात खेळ."

"नाही, खरंच. परवा मालालच्या कोपराला खरचटलं."

"गादीवर झोपून कुणी पैलवान झालाय का? आम्ही शेतातल्या ढेकळांवर पडायचो." असं म्हणून लातीर उठला आणि घोडीला पाणी दाखवायला गेला. तिला तहान नव्हती.

हा मालाल म्हणजे बिरामचा जिवाचा जोडीदार. हडकुळा, लांब टांगांचा, पायाचा डाव मारावा तर त्यानेच. दोघे एकत्र वाढलेले, एकाच परातीत जेवलेले. म्हणून आयोजकाचा माणूस बिरामला पारखायला येणार असं ठरलं, तेव्हा समोर मालालच उभा राहणार होता. पसंत पडला तर मोठ्या मैदानातली कुस्ती, पहिलीवहिली. तेनिंगने त्या दिवशी उसळीची पातेली लावलीच नाहीत.

दुपारी लातीर एकटाच आखाड्यावर आला. पाहुणा येणार, आखाडा भरलेला दिसायला हवा. त्याने कडांची उरलीसुरली वाळू मधे ओढली. दाताळं दोनदा खाली कशाला तरी खरकन लागलं. पूर आला त्या वर्षी वस्तीतली घरं खचली होती, तिथला सगळा राडारोडा इथे आणून टाकला होता, आणि त्याच्यावर वाऱ्याने वाळू घातली होती. ती वाळू आता वानच्या इमारतींच्या भिंतींवर होती. लातीर दाताळ्यावर रेलून उभा राहिला. आज नको म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण का नको, हे सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी ढोल वाजले. बिराम नाचला, ताईत बांधलेले दंड वर करून आईकडे बघून ओरडला, लोक हसले. मग दोघे भिडले. मालालने टांग आत घातली, बिरामने ती सोडवून घ्यायला अंग फिरवलं, आणि दोघे एकत्र गेले, बिराम खाली. खांदा पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाळूवर पडल्याचा आवाज तसा नसतो.

सगळ्यांच्या आधी लातीर पोचला. बिरामच्या खांद्यापाशी सिमेंटच्या विटेचा एक कोपरा उघडा पडला होता. लातीरने आधी पायाने त्याच्यावर वाळू सारली. मग तो खाली वाकला आणि पोराच्या डोक्याखाली हात घातला.

पाय आधी आणि हात नंतर, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

खांदा इस्पितळात बांधला, नंतर गावाकडच्या हाडवैद्याने चोळला. हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. आयोजकाने थियारोय वस्तीतल्या एका पोराला घेतलं. बिराम घरात बसून राहिला. भिंत भिंतीला टेकून बसली, असं कुणीतरी चेष्टेने म्हणालं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

आमच्याकडे पैलवान पडला तर वाळूला कुणी विचारत नाही. कुणाची नजर लागली, कुणाची जीभ लागली, हे विचारतात. तेनिंग ताईतवाल्या बाबांकडे गेली. बाबांनी कवड्या टाकल्या आणि सांगितलं, "लांबचं कुणी नाही. तुमच्याच परातीत जेवतो."

ती घरी आली आणि परातीभोवतीची माणसं तिने मनात मोजली. लातीर? छे, तो तर बापाच्या जागी. राहिला मालाल. पाडलं कुणी? मालालनेच. वस्तीला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी मालाल दारात आला. आमच्याकडे जेवणाच्या वेळी रस्त्यावरून परका माणूस गेला तरी त्याला "ये, जेव" म्हणतात. मालालला कुणी म्हटलं नाही. तो थोडा वेळ उंबऱ्याशी उभा राहिला, चपलेने जमीन उकरली आणि गेला.

लातीर दाराकडे पाठ करून बसला होता. त्याला वळावं लागलं नाही. त्याने पुढचा घास घेतला, तोही गेला. घास जातोच.

त्यानंतर त्याने काय केलं? सुरूमागचा उपसा बंद केला. लांबच्या टेकाडांवरून चोरून वाळू आणून आखाड्यात ओतली. गाडी पकडली गेली, शिव्या खाल्ल्या, तरी आणली. आखाडा घोटाभर मऊ झाला. पोरं म्हणाली, "वस्ताद, आता कशी गादी झाली!" लातीर त्यांच्यावर खेकसला. मालाल तालमीत येईनासा झाला होता. बाजारात हमाली करायचा, मान खाली घालून. लातीरला रस्त्यात दिसला की लातीर घोडीला उगाच चाबूक दाखवायचा आणि गाडी पुढे काढायचा. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. सांगायचं, सांगायचं म्हणत रमजान आला.

रमजानात त्याला एक पळवाट सुचली. कोरितेच्या सणाला, म्हणजे रमजान ईदेला, नमाज झाली की आमच्याकडे घरोघरी जाऊन माफी मागतात. थोर लहानाची, नवरा बायकोची, भाडेकरू मालकाची. चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, आणि समोरच्याने म्हणायचं, केलं माफ, देवाने आपल्या सगळ्यांनाच माफ करावं. काय चुकलं हे कुणी विचारत नाही. लातीरला वाटलं, हे बरं आहे. मागायचं आणि मिळवायचं. देवाला तर ठाऊकच आहे कशाबद्दल ते.

सणाच्या सकाळी खळ घातलेला निळा झगा कडकड वाजवत तो तेनिंगच्या अंगणात गेला. शेजारपाजारची माणसं बसली होती, दह्यातल्या बाजरीचे वाडगे फिरत होते.

"तेनिंग, चुकलंमाकलं माफ कर."

"केलं माफ, लातीर. देवाने आपल्या सगळ्यांनाच माफ करावं. आणि तूही मला कर हो, तुला कधी खारट भात घातला असेल."

"कधी? रोज," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मग बिराम. बिरामने डावा हात पुढे केला. "केलं माफ, वस्ताद. तुम्ही मला करा. तुमची इतक्या वर्षांची मेहनत मी पाण्यात घातली."

लातीरचं हसू तिथेच गोठलं. तरी त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं. वाडगा घेतला. झालं, सुटलो, असं तो मनाशी म्हणत होता, एवढ्यात अंगण एकदम गप्प झालं.

दारात मालाल उभा होता. उसना झगा, बाह्या तोकड्या.

"मावशी, चुकलंमाकलं माफ कर."

सणाच्या दिवशी नाही म्हणता येत नाही, आणि हो तेनिंगच्या तोंडातून निघेना.

"मी आखाड्यात करणीचं काही पुरलं नाही, मावशी. आईशपथ, कुठल्या बाबाकडेही गेलो नाही. पण..." त्याचा आवाज फुटला. "एकदा माझ्या मनात आलं होतं. हा पुढे जाणार, आणि मी याच्या सरावापुरताच राहणार, असं. त्या दिवशी सकाळीच आलं होतं. तेच लागलं असेल त्याला. तेवढं माफ कर. मला पुन्हा जेवायला बोलाव."

तेनिंग रडायला लागली. उठून गेली आणि तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. "केलं रे, केलं माफ. बस. ये, खा." बायका डोळे पुसू लागल्या. बिराम सरकला आणि त्याने चटईवर जागा केली. कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "अल्लाची कृपा. मिटलं एकदाचं."

खरंच मिटलं होतं. लातीरचं पाप दुसऱ्याने उचललं होतं, मालालच्या नावावर ते माफही झालं होतं. आता जन्मभर गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. इतकं सोपं लातीरला आयुष्यात काही मिळालं नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना. त्याने वाडगा खाली ठेवला.

"त्याचं काही लागलं नाही," तो म्हणाला. "वाळू नव्हती."

"कसली वाळू?" तेनिंगने विचारलं.

"आखाड्यातली. मी नेली. पहाटे, वानला विकायला. खाली राडारोडा आहे. बिराम विटेवर पडला."

बिरामने मान वर केली. "मी म्हणालो होतो, जमीन लागतेय."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि मी पडलो, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी आलात."

"आधी वीट झाकली," लातीर म्हणाला. "मग तुला उचललं."

मालाल एकटक त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता, म्हणून लातीरला ती बघवेना. तेनिंग मात्र दुसरीकडेच बघत होती, मागच्या खोलीच्या गुळगुळीत भिंतीकडे.

"आणि ही?"

"तीच."

ती भिंतीपाशी गेली. तिने हात उचलला, आणि न लावताच खाली घेतला.

"मघाशी मी तुला माफ केलं म्हणाले."

"हो."

"ते परत घेते. आज दारात चोर आला तरी माफ करावं लागतं. असल्या दिवशी हे मागतोस? उद्या ये. उद्या मला नाही म्हणता येईल."

लातीर खोलीवर गेला. गावी जावं, घोडी वानला देऊन टाकावी, असं पुष्कळ मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने साधा सदरा घातला आणि पायी निघाला. सगळी गल्ली दारात उभी होती. कुणी सलाम केला नाही.

तेनिंग परात मांडत होती. बिराम आणि मालाल बसले होते. तो दारातच उभा राहिला.

"तेनिंग, मला माफ कर. वाळू नेली. वीट झाकली. मालालला हाकललं तेव्हा गप्प जेवत बसलो."

तिने सगळं ऐकून घेतलं. भाताचा डाव खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"बरं."

तो वळला. पण त्याची पावलं उंबऱ्याबाहेर पडायच्या आत मागून तिचा आवाज आला, कोरडा, रस्त्यावरच्या कुणाही परक्याला द्यावा तसा.

"ये, जेव."

तो येऊन बसला. त्याच्या जागी मालाल बसला होता, म्हणून हा समोरच्या बाजूला, बिरामच्या तोंडासमोर. तेनिंगने नेहमीसारखा मासा तोडला आणि एकेक तुकडा प्रत्येकाच्या बाजूला सरकवला. लातीरच्या बाजूलाही सरकवला.

इतके महिने तो बिरामच्या बाजूला बसायचा, त्यामुळे हे त्याने पाहिलंच नव्हतं. बिराम घास तोंडाकडे नेत नव्हता. तो मान खाली घालून तोंड हाताकडे नेत होता. लातीरने आपला तुकडा भातासकट उचलला, आणि बिरामवरची नजर न काढता जेवायला लागला.